माळ्यावरचा फोनो बोलता करताना

शिलाई मशीनची निगा कशी राखायची यावर आपण बोललो होतो. त्यानंतर दोन-तीन गटांकडून जवळजवळ एकच प्रश्न आला. घरात आजेसासऱ्यांच्या वेळचा चावीचा फोनो आहे, कित्येक वर्षं बंद पडलाय, भंगारवाला वजनावर मागतोय. देऊन टाकावा, की दुरुस्त होईल?

बहुतेक वेळा दुरुस्त होतो. त्यातलं निम्मं काम तुम्ही घरी करू शकता. उरलेलं निम्मं घरी अजिबात करायचं नाही, कारण त्यात हात फाटतो. कुठलं निम्मं कुठलं, ते आज सांगते.

आधी नावाचं बोलू. एडिसननं १८७७ साली आवाज धरून ठेवणारं यंत्र केलं, त्याचं नाव फोनोग्राफ. त्यात आवाज एका नळकांड्यावर उमटायचा. ताटलीसारखी सपाट तबकडी आणि तिचं यंत्र, म्हणजे ग्रामोफोन, एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली आणलं. आपल्या माळ्यांवर जे आहे ते ग्रामोफोनच, पण बोलण्यात नाव राहिलं फोनोचं. पेटीवर कर्ण्यापुढं बसलेल्या कुत्र्याचं चित्र असतं ना, त्याचीही अशीच गंमत आहे. निपर नावाचा तो कुत्रा मूळ चित्रात नळकांड्याच्या फोनोग्राफपुढं बसला होता. चित्रकार फ्रान्सिस बराउड यांनी ते यंत्र खोडून तिथं ग्रामोफोन रंगवला, तेव्हा ग्रामोफोन कंपनीनं चित्र विकत घेतलं. म्हणजे कुत्रा तोच, समोरचं यंत्र बदललेलं.

या पेटीत वीज नाही, सेल नाही, तार नाही. मग आवाज येतो कुठून? तबकडीवर बारीक घर असतं, बाहेरून आत गोल गोल जाणारं. ते सरळ नसतं, डावी-उजवीकडं किंचित वळवळत जातं. सुई त्या घरात बसली की तिलाही तशीच हलावं लागतं. सुई ज्या गोल डबीत खोचलेली असते ती साउंड बॉक्स. तिच्या आत पातळ पडदा असतो, जुन्या यंत्रांत अभ्रकाचा, नंतरच्यांत ॲल्युमिनियमचा. सुईबरोबर पडदा थरथरतो, पडद्याबरोबर हवा थरथरते, आणि कर्णा ती थरथर मोठी करून बाहेर सोडतो. शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडापुढं हाताची ओंजळ धरतो, कर्णा तेच काम करतो. ज्या पेटीला बाहेर कर्णा दिसत नाही, तिच्या आत तो वळवून बसवलेला असतो.

आवाज एवढा साधा आहे, म्हणून त्यातले बिघाडही साधे आहेत. एक तर तबकडी नीट फिरत नाही, नाहीतर पडदा नीट थरथरत नाही. तुमचा फोनो कशानं बंद आहे हे आधी ओळखायचं.

चावी भरून बघा. चावी नुसतीच गरगर फिरते, घट्ट लागतच नाही, तर आतली स्प्रिंग तुटलीय किंवा तिचं टोक खुंटीवरून सुटलंय. चावी घट्ट लागते पण तबकडी फिरत नाही, तर आधी ब्रेक बघा. पुष्कळदा एवढंच असतं. तबकडीच्या कडेला लहान दांडी किंवा कळ असते, ती लावलेली राहून जाते. तबकडी फिरते, पण मधूनमधून पेटीच्या पोटात 'धप्प' असा आवाज होतो, तर स्प्रिंगचं ग्रीस वाळून गोंदासारखं झालंय. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटतात, त्याचा तो आवाज. गाणं सुरुवातीला बरं वाटतं आणि शेवटी रडवेलं होतं, तर कुठंतरी तेल संपलंय किंवा स्प्रिंग थकलीय.

आता स्प्रिंगचं नीट ऐका. हे मी दोनदा सांगणार आहे. पोलादाची चपटी पट्टी, बोट-दीड बोट रुंद आणि तीन-चार मीटर लांब, एका लहान डब्यात गुंडाळून कोंबलेली असते. तिला चावी भरलेली असताना यंत्राचा एकही स्क्रू सैल करायचा नाही. गव्हर्नर म्हणून एक भाग असतो, त्याच्याबद्दल पुढं सांगते, तो जर भरल्या स्प्रिंगवर काढला तर सगळी चाकं सुसाट सुटतात, दाते झडतात, आणि तिथं बोट असेल तर बोटही जातं. उघडण्याआधी ब्रेक सोडून तबकडी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यायची. चावी भरलेली आहे आणि यंत्र अडकलंय, तबकडी फिरतच नाही, असं असेल तर पेटी तशीच बंद करून जाणकाराकडं न्यायची.

दुसऱ्यांदा सांगते. स्प्रिंग पूर्ण उतरली तरी डब्यात ती दाबून बसलेलीच असते. डब्याचं झाकण काढून पक्कडीनं ओढली की ती सापासारखी उसळून बाहेर येते, आणि तिच्या कडा विळ्यासारख्या असतात. डब्यातून स्प्रिंग काढणं, धुणं, नवीन ग्रीस भरून परत बसवणं हे जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून करायचं काम आहे. लंबकाची जुनी घड्याळं दुरुस्त करणारा कारागीर ते करू शकतो. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार इथं जुन्या वस्तूंचे व्यापारी बसतात, त्यांच्याकडून फोनोच्या कारागिराचा पत्ता लागतो. टोक तुटलेली स्प्रिंग लगेच फेकायची नसते. टोक तापवून मऊ करतात, नवीन भोक पाडतात, आणि ती पुन्हा चालते. हे कारागिराला आधीच विचारा, कारण नवी स्प्रिंग मापाची मिळवणं जास्त खटपटीचं आहे.

बाकीचं यंत्र मात्र तुमच्या हातातलं आहे. तबकडी ज्या गोल थाळ्यावर ठेवतात तो थाळा वर उचलला जातो. काहींना मधे बारीक क्लिप असते, ती आधी काढायची. खालचे स्क्रू काढले की मोटार, म्हणजे चाकांचा सांगाडा, पेटीबाहेर येतो. काढताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा आणि स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवा. माझ्याकडं येणारी निम्मी शिलाई मशीन कुणीतरी उघडून परत जोडता न आल्यामुळं येतात, तेच फोनोचं होतं.

चाकांवर काळा, चिकट थर बसलेला दिसेल. तो बहुधा खोबरेल तेलाचा किंवा गोडेतेलाचा असतो. करकर वाजायला लागलं की घरात जे तेल हाताला लागेल ते सोडायचं, ही आपल्या सगळ्यांकडची रीत. खाण्याचं तेल वाळतं आणि डिंक होतं. जुना ब्रश रॉकेलमध्ये बुडवून तो थर काढा, चुलीपासून लांब, उघड्यावर बसून. रबर, चामडं आणि लोकरीच्या नमद्याला रॉकेल लावू नका. पेट्रोल तर नकोच. पुसून कोरडं झालं की जिथं दांडा फिरतो त्या प्रत्येक टोकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि चाकांच्या दात्यांना चिमूटभर ग्रीस. एवढंच. तेल जास्त झालं तर ते धूळ ओढून घेतं.

आणि तो गव्हर्नर. एका उभ्या-आडव्या दांड्यावर पातळ पट्ट्यांना लावलेली तीन लहान वजनं दिसतील, गोल फिरणारी. ती वजनं म्हणजे फोनोची अक्कल आहे. स्प्रिंग भरलेली असताना जोर जास्त असतो, उतरताना कमी होतो, तरी गाणं एकाच लयीत चालतं ते यांच्यामुळं. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, त्यामुळं एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या लहान तुकड्याला घासते, वेग आवरला जातो. फुगडी घालताना गती वाढली की वेण्या आणि पदर बाहेर उडतात ना, तसंच. तो नमद्याचा तुकडा कोरडा पडला की गाणं थरथरतं, हेल काढतं. त्यावर तेलाचा एक थेंब सोडा. वजनांच्या पट्ट्या वाकवू नका, त्यांचे स्क्रू पिळू नका. ते सुईच्या टोकाएवढे असतात आणि तुटले की मिळत नाहीत.

वेग बरोबर आहे का हे मोजायला कुठलंही साधन लागत नाही. तबकडीखाली कागदाची एक चिठ्ठी कडेला बाहेर येईल अशी ठेवा, गाणं लावा, आणि घड्याळात बघून मोजा. एका मिनिटात ७८ फेऱ्या व्हायला हव्यात, अर्ध्या मिनिटात ३९. सुई तबकडीवर टेकलेली असतानाच मोजायचं, कारण सुईच्या ओझ्यानं वेग थोडा पडतो. कमी-जास्त करायला थाळ्याजवळ लहान स्क्रू किंवा काटा असतो.

आता साउंड बॉक्स. मोटार सुरेख फिरतेय, पण आवाज फाटका येतो, पत्र्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखा, किंवा माणूस नाकात बोलल्यासारखा, तर दोष इथं आहे. पडद्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबराची गोल नळी बसवलेली असते. पडद्यानं मोकळं थरथरावं पण कडेनं हवा जाऊ नये, म्हणून ती. इतक्या वर्षांत ते रबर लाकडासारखं कडक होतं. मग पडदा आवळला जातो आणि आवाज फाटतो. हे रबर बदललं की तोच फोनो ओळखू येत नाही, इतका फरक पडतो. नवी नळी म्हणून सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब चालते, काही रुपयांत मिळते. डबीचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे, जुनं रबर टोकदार काडीनं खरवडून काढायचं, आणि नळीचे दोन गोल कापायचे. टोकाला टोक जेमतेम भिडलं पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. पडदा बरोबर मधोमध बसला पाहिजे. स्क्रू परत आवळताना हात अगदी हलका, कारण पडदा दाबला की पुन्हा तोच फाटका आवाज.

अभ्रकाच्या पडद्याला मधोमध लहान स्क्रू असतो आणि त्यावर मेणाचा ठिपका. तो कुणी घाणीचा समजून खरवडतं. तो तिथं हवा अडवायला मुद्दाम ठेवलेला असतो. पडदा तडकला असेल तर त्यावर नेलपॉलिश, डिंक काही लावू नका, जड झालेला पडदा थरथरत नाही. आणि डबीचा मागचा भाग राखाडी रंगाच्या ठिसूळ धातूचा, बारीक चिरा पडलेला दिसला, तर त्याला अजिबात पिळू नका. त्या काळी जस्ताच्या मिश्रणाचे ओतीव भाग करत, ते वयानं फुगतात आणि हातात बिस्किटासारखे तुटतात.

तबकड्या आणि सुई यांचं नातं समजून घ्यायला हवं. त्या काळ्या तबकड्या प्लास्टिकच्या नाहीत. त्या लाखेच्या आहेत, ज्या लाखेच्या आपण बांगड्या भरतो त्याच. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, ती लाख. झारखंड-छत्तीसगडात आणि आपल्याकडं गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांत आजही ती गोळा करतात, आणि त्यात बायकांचे हात खूप असतात. लाखेत दगडाची बारीक पूड, काजळी, कापसाचे तंतू मिसळून तबकडी दाबून काढत. दगडाची पूड का? तर पोलादाची सुई त्यावर घासून घराच्या आकाराची व्हावी म्हणून. सुई झिजते, ती झिजण्यासाठीच केलेली असते. त्यामुळं नियम असा की एक सुई, एक बाजू. बाजू संपली की सुई टाकून द्यायची. जुनी झिजलेली सुई पुन्हा लावली की तिच्या धारदार कडा तबकडीचं घर कुरतडतात, आणि ते गाणं करड्या पुडीसारखं निघून जातं. सुया नव्या विकत मिळतात, त्यात काटकसर करू नका. शिवणाची सुई, टाचणी, खिळा हे प्रयोग तर नकोतच.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे पॉलिश करणाऱ्या सुताराला विचारा. म्हणून तबकडीवर स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर काहीही लावायचं नाही. लाकडी पेटी असेल तर तिच्यावरचं जुनं पॉलिशही बहुधा लाखेचंच असतं, त्यालाही हाच नियम. तबकडी धुवायची तर गार पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, आणि मधला कागद कोरडा ठेवायचा. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको, वाकतात. आणि नंतरच्या काळातल्या त्या लवचिक, मोठ्या रेकॉर्डी, मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या, त्या या फोनोवर कधीही लावू नका. या जड सुईखाली एका फेरीत त्यांचा सत्यानाश होतो.

पेटी चकचकीत करायचा मोह आवरा. हँडल, आर्म यांच्यावर निकेलचा पातळ मुलामा असतो. चिंच, राख, भांड्यांची पावडर यांनी तो निघून जातो आणि खालचं पितळ दिसायला लागतं. जुन्या वस्तूचे जाणकार गिऱ्हाईक नव्यासारखी चमक नव्हे, मूळचा रंग आणि मूळचं चित्र बघतात. सॅंडपेपर मारून नवा रंग दिलेल्या पेटीची किंमत वाढत नाही, पडते.

विकण्याचा विषय निघाला म्हणून सांगते. मोठ्ठा पितळी कर्णा, चकाकती पेटी, आणि त्यावर कुत्र्याचं चित्र, असे फोनो शहरांतल्या बाजारांत नवे बनवून जुने म्हणून विकले जातात. तुमच्या माळ्यावरची काळ्या रेक्झिनची, कर्णा नसलेली, सुटकेससारखी पेटी त्यापुढं गरीब दिसते, पण ती खरी असते. लग्नात, जत्रेत हातात धरून न्यायची पेटी ती. आपल्या देशात अशा पेट्या आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० नंतरही चालल्या, जगात बऱ्याच ठिकाणी बंद झाल्या तरी. कारण उघड आहे, गावात वीज नव्हती. घेणारा आला तर साउंड बॉक्स आणि मोटार मूळची आहे का हे तो बघणारच, ते तुम्ही आधी बघून ठेवा. वजनावर मात्र देऊ नका.

आणि पेटी विकली तरी तबकड्या एकदम देऊन टाकू नका. आधी एका वहीत प्रत्येक तबकडीवरचं नाव, कंपनीचा नंबर, आणि मधल्या कागदाजवळ काळ्या भागावर कोरलेले आकडे उतरवून घ्या. त्या आकड्यांवरून कुठलं गाणं कधी ध्वनिमुद्रित झालं ते शोधता येतं. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था याच कामासाठी सुरू झाली. कुणाच्या घरात बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, पुण्याच्या सुंदराबाई निघतील. कुणाकडं असं नाव निघेल की जे आता कुणालाच आठवत नाही, आणि तशी तबकडी मला जास्त मोलाची वाटते.

या तबकड्यांमध्ये बायका सुरुवातीपासून आहेत. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग नावाचा साहेब यंत्र घेऊन कलकत्त्याला आला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गावं लागायचं, तेही तीन मिनिटांत संपवायचं. तिथं गायल्या गौहर जान. गाणं संपताच त्या आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायच्या, कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं कुठलं ते कळावं लागे. तो आवाज आजही ऐकायला मिळतो. गाणारणीचं नाव घ्यायलाही लोक कचरत असतील अशा काळात बाईनं स्वतःच स्वतःचं नाव सांगितलेलं आहे, लाखेत कोरून.

तर फोनो सुरू झाला की दर बाजूला नवी सुई, दर बाजूआधी चावी. चावी घट्ट लागली की थांबायचं, पुढं जोर करायचा नाही. गाणी ऐकून झाली की उरलेली चावी तबकडी फिरवून उतरवून टाका, भरलेली स्प्रिंग महिनोनमहिने तशी ठेवली की थकते. हँडल पेटीतून वेगळं निघतं आणि मुलांच्या खेळण्यात सगळ्यात आधी हरवतं ते तेच. बऱ्याच पेट्यांत ते अडकवायला आत पत्र्याची पकड असते. शोधा, सापडेल. काही अडलं तर गटाच्या वहीत लिहून आकाशवाणी केंद्राच्या नव्हे, आपल्या रेडिओच्या पेटीत टाका. साउंड बॉक्सचा फोटो जोडलात तर सांगायला सोपं जाईल.